प्रयोगशाळेत धडधडणारं हृदय: काय तयार झालंय आणि काय अजून व्हायचंय

२०२५ साली जपानमध्ये ओसाकाला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचं एक हृदय ठेवलं होतं. द्रवात बुडवलेलं, मानवी पेशींपासून बनवलेलं आणि आपलं आपण धडधडणारं. त्याचा व्हिडिओ आपल्या फोनवर पोचेपर्यंत त्याला मथळाही चिकटला होता: आता नवं हृदय बनवून मिळणार. घरात कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असली की असा व्हिडिओ चार जणांना पाठवायला बोट शिवशिवतं, ते समजण्यासारखं आहे.

त्याच वर्षी जानेवारीत ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या संशोधकांचा लेख आला. ४६ वर्षांच्या एका बाईंच्या थकत चाललेल्या हृदयावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूची ठिगळं लावली होती आणि तीन महिन्यांनी ती ठिगळं जिवंत सापडली, असं त्यात होतं. या बातमीला व्हिडिओ नव्हता. त्यामुळे ती फारशी फिरली नाही. माझ्या मते फिरायला हवी होती ती हीच. ओसाकातलं हृदय बघायला देखणं, पण रक्त पुढं ढकलायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. गॉटिंगेनची ठिगळं दिसायला यथातथाच, पण माणसाच्या अंगात टिकली.

हृदयाची जखम भरत का नाही?

बोट कापलं तर आठवड्याभरात कातडी जुळून येते. यकृताचा मोठा तुकडा काढला तरी ते वाढून भरून निघतं. हृदयाच्या स्नायूला हे जमत नाही. सगळ्या शरीराला रक्त पुरवतो तो हृदयाचा डावा खालचा कप्पा. त्यात साधारण २०० ते ४०० कोटी स्नायुपेशी असतात. मोठा हार्ट अटॅक आला की रक्तवाहिनी तुंबल्यापासून काही तासांत त्यातल्या १०० कोटींच्या आसपास मरू शकतात. त्यांच्या जागी व्रण धरतो. व्रण चिवट असतो, भिंत फाटू देत नाही, पण तो आकुंचन पावत नाही.

मग उरलेल्या पेशींवर भार येतो, कप्पा हळूहळू ताणला जातो आणि पुढं कधीतरी इकोच्या रिपोर्टवर ‘ईएफ ३०%’ असं लिहून येतं. ईएफ म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडलं, तो आकडा. निरोगी माणसाचाही तो शंभर कधीच नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. (रिपोर्टवर ६० बघून ‘चाळीस टक्के हृदय गेलं’ म्हणत हवालदिल झालेले नातेवाईक कुठल्याही इको सेंटरच्या बाहेर भेटतात.) तो बराच खाली आला, चार पावलांवर दम लागू लागला, पायांवर सूज आली, की डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही. ते पुरं पडेनासं झालंय, एवढाच.

हृदय नव्या पेशी अजिबात बनवत नाही का? बनवतं, पण किती, हे कळलं ते अणुबॉम्बमुळे. १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ एकदम वाढवलं आणि १९६३ च्या बंदीनंतर ते उतरत गेलं. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेतला कार्बन बसतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ साली त्यावरून हृदयपेशींचं वय काढून दाखवलं. पंचविशीत वर्षाला साधारण १% पेशी बदलतात, पंचाहत्तरीत ०.४५%. सगळं आयुष्य धरलं तरी निम्म्याही बदलत नाहीत. १०० कोटींचा खड्डा या गतीने बुजायचा नाही.

औषधं, स्टेंट, बायपास, पेसमेकर यांनी उरलेला स्नायू वाचवता येतो, गेलेला परत आणता येत नाही. शेवटचा उपाय म्हणजे दुसऱ्याचं हृदय. मुंबईला तो नवा नाही. जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केप टाउनला ३ डिसेंबर १९६७ ला झालं आणि अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी ते करून बघितलं. रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर मुंबईत यशस्वी प्रत्यारोपण व्हायला २०१५ साल उजाडलं. पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात बसवलं गेलं. काढलेलं हृदय थंडाव्यात चारेक तासच टिकतं, म्हणून तर सिग्नल थांबवून ग्रीन कॉरिडॉर करावा लागतो. आजही देशभरात वर्षाला अशी साधारण दोन-अडीचशे प्रत्यारोपणं होतात आणि हार्ट फेल्युअरचे रुग्ण आहेत लाखांत. प्रयोगशाळेत स्नायू वाढवायची धडपड आहे ती या तफावतीपायी.

पेशी आणायच्या कुठून?

जिवंत माणसाच्या हृदयातून पेशी काढून वाढवाव्यात, तर त्या ताटलीत वाढतच नाहीत. हा पेच सोडवला क्योटो विद्यापीठाच्या शिन्या यामानाका यांनी. २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या कातडीच्या पेशींमध्ये त्यांनी फक्त चार जनुकं घातली, आणि त्या पेशी गर्भातल्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेला परत गेल्या. तिथून त्या शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकतात. त्यांना आयपीएस पेशी म्हणतात. २०१२ चं नोबेल याच कामासाठी, जॉन गर्डन यांच्यासोबत विभागून.

आता कातडीही लागत नाही, थोडं रक्त पुरतं. आयपीएस पेशींच्या थरावर एका दिवशी एक रसायन घालतात, त्याने पेशीतला एक संदेशमार्ग चालू होतो. दोन-तीन दिवसांनी दुसरं घालतात, त्याने तोच मार्ग बंद होतो. गर्भात हृदय घडताना हेच, याच क्रमाने होतं. मग आठ-दहा दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली थराचा एखादा कोपरा हलताना दिसतो. जरा वेळाने दुसरा, वेगळ्याच लयीत. पुढच्या काही दिवसांत ही बेटं एकमेकांना भिडतात आणि सगळा थर एका ठेक्यात आकसू लागतो. बाहेरून वीज दिलेली नसते, कुणी हात लावलेला नसतो. या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही यापाशी दोन मिनिटं थांबतात म्हणे, आणि मला ते खरं वाटतं.

सगळ्याच पेशी हृदयाच्या होत नाहीत, काही भलतीकडे जातात. त्यांना वेगळं काढायची एक युक्ती मला फार आवडते. द्रवातलं ग्लुकोज काढून टाकतात आणि त्याऐवजी लॅक्टेट देतात. हृदयाच्या पेशी लॅक्टेटवर निभावून नेतात, बाकीच्या उपाशी मरतात. चार-सहा दिवसांत ताटली निवडून झालेली असते.

यात गर्भ नष्ट करावा लागतो का?

ही शंका जुन्या पद्धतीतून आली आहे. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून पहिल्यांदा मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, वेगळ्या केल्या. परळलाच असलेल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही भ्रूणापासून ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ नावाच्या दोन भारतीय पेशीमालिका तयार झाल्या होत्या. अशा पेशी आजही काही प्रयोगांत वापरतात. पण जपान आणि जर्मनीतल्या ज्या कामाबद्दल आपण बोलतोय ते आयपीएस पेशींवरचं आहे, आणि त्या मोठ्या माणसाच्या रक्ता-कातडीतून येतात.

सुट्या पेशींपासून स्नायू कसा होतो?

पेशी तयार झाल्या, मग इंजेक्शनने हृदयात का सोडू नयेत? सोडून बघितल्या आहेत. बहुतेक पेशी काही दिवसांत मरतात, कित्येक तर धडधडत्या हृदयातून लगेचच बाहेर ढकलल्या जातात. म्हणून आधी त्यांची ऊती बनवायची. ऊती म्हणजे एकमेकींना धरून एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह.

हॅम्बुर्गमध्ये थॉमस एशेनहागेन यांच्या प्रयोगशाळेत रुळलेली पद्धत बघा. जेलमध्ये कोरलेली सेंटीमीटरभराची पन्हळ. तिच्या दोन टोकांना वरून सोडलेले सिलिकॉनचे दोन लवचीक खांब. पेशी फायब्रिनोजेनच्या द्रावणात मिसळतात, त्यात थ्रॉम्बिनचे थेंब टाकतात आणि मिश्रण पटकन पन्हळीत ओततात. पटकन, कारण ही दोन प्रथिनं एकत्र आली की रक्ताची गुठळी होते तसंच सगळं घट्ट होतं. दोन तासांनी खांब वर उचलले की त्यांच्यामध्ये लोंबणारी एक मऊ पट्टी हाती येते. सुरुवातीला ती नुसती लोंबते. पुढच्या आठवड्याभरात पेशी त्या जाळ्यात पसरतात, आडव्यातिडव्या असलेल्या लांबीच्या दिशेने वळतात आणि पट्टी आवळून बारीक होते. मग एके दिवशी खांब आत वाकतो आणि सुटतो. पुन्हा वाकतो. तो किती वाकला हे कॅमेऱ्यातून मोजलं की स्नायूने किती जोर लावला ते कळतं.

यात एक बारकावा आहे. नुसत्या स्नायुपेशी टाकल्या तर पट्टी चांगली धरत नाही. त्यात फायब्रोब्लास्ट, म्हणजे पेशींमधलं आधाराचं जाळं विणणाऱ्या पेशी, लागतातच. आपल्या हृदयातही संख्येने बघितलं तर स्नायुपेशी निम्म्याहून कमीच आहेत.

मग अशा पट्ट्या जोडून अख्खं हृदय का नाही बनत?

मुंबईत हे समजावायला सोपं आहे. टॉवर उभा आहे, लिफ्ट चालते, लोक राहायला आलेत, पण ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेलं नाही आणि म्हणून पालिकेची पाण्याची लाईन नाही. सगळी सोसायटी टँकरवर. प्रयोगशाळेतली ऊतीसुद्धा टँकरवरच जगते. भोवतीचा पोषक द्रव दर एक-दोन दिवसांनी बदलतात आणि त्यातला प्राणवायू बाहेरून आत झिरपतो. पण झिरपून झिरपून तो जातो किती आत? ०.१ ते ०.२ मिलिमीटर. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत सेंटीमीटरभर जाड असते. खऱ्या हृदयात जवळजवळ प्रत्येक स्नायुपेशीच्या अंगाला एक केशवाहिनी असते, दारात नळ असावा तशी. प्रयोगशाळेतल्या स्नायूत ती लाईन टाकलेलीच नाही. म्हणून जाडी वाढवायला गेलं की मधल्या पेशी मरतात.

शरीरात बसवल्यावर तर कसोटीच लागते. टँकर त्या क्षणी बंद होतो आणि रुग्णाच्या रक्तवाहिन्या ठिगळात शिरायला काही दिवस घेतात. मधल्या काळात जेवढ्या पेशी तग धरतील तेवढ्या आपल्या.

लाईन टाकायचे प्रयत्न नाना तऱ्हेचे झाले. २००८ साली मिनेसोटा विद्यापीठात हाराल्ड ऑट आणि डोरिस टेलर यांनी मेलेल्या उंदराचं हृदय साबणासारख्या द्रावणाने धुऊन त्यातल्या सगळ्या पेशी काढून टाकल्या. मागे उरला तो हृदयाच्या आकाराचा, रक्तवाहिन्यांच्या नळ्यांसकट असलेला पांढरा सांगाडा. त्यात नवजात उंदरांच्या हृदयपेशी भरल्या. आठव्या दिवशी ते हृदय पंप करू लागलं, मोठ्या उंदराच्या हृदयाच्या साधारण २ टक्के ताकदीने. २०१७ साली अमेरिकेतल्या वूस्टरच्या संशोधकांनी हाच प्रकार पालकाच्या पानावर केला. पान धुऊन काचेसारखं केलं आणि त्याच्या शिरांमधून द्रव खेळवला. २०१९ साली तेल अवीवला ताल द्विर यांच्या गटाने माणसाच्या पेशींची शाई करून सशाच्या हृदयाएवढं हृदय छापलं, वाहिन्यांसकट. पेशी आकसत होत्या, पण सगळ्या मिळून पंप करत नव्हत्या. ही तिन्ही कामं खरी आहेत आणि तिन्हींच्या बातम्या ‘हृदय तयार’ अशाच आल्या होत्या.

पेशी जिवंत आहेत, मग अडचण काय?

त्या कोवळ्या आहेत. ताटलीतली हृदयपेशी वयाने गर्भातल्या पेशीजवळची असते. आकाराने लहान, जोर कमी. मोठ्या माणसाचं हृदय मुख्यतः स्निग्धाम्लं जाळून चालतं, हिला साखर लागते. मोठी स्नायुपेशी ठोक्याचा इशारा यायची वाट बघते, ही आपल्या मनाने आकसते.

पेशींना वयात आणायला त्यांच्याकडून काम करून घ्यावं लागतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोर्दाना वुन्याक-नोव्हाकोविच यांच्या गटाने कोवळ्या ऊतीला विजेचे झटके देऊन, झटक्यांचा वेग चार आठवडे वाढवत नेला. २०१८ साली त्यांनी दाखवलं की अशी ऊती रचनेने आणि चयापचयाने मोठ्या माणसाच्या स्नायूच्या बरीच जवळ येते. हार्वर्डच्या केविन किट पार्कर यांच्या चमूने २०२२ मध्ये कागदासारख्या पातळ माशाच्या दोन्ही बाजूंना मानवी हृदयपेशींचे थर लावले. एक बाजू आकसली की दुसरी ताणली जायची आणि त्या ताणानेच आकसायची. तो मासा १०० हून जास्त दिवस पोहला. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण सतत काम मिळालेल्या पेशी सुधारतात, हे त्यातून दिसलं.

कोवळेपणाचा खरा धोका ठोक्यांना आहे. सिॲटलला चार्ल्स मरी यांच्या गटाने २०१४ साली माकडांच्या जखमी हृदयात १०० कोटी मानवी पेशी टोचल्या. पेशी रुजल्या, माकडाच्या पेशींशी जोडल्याही गेल्या. पण त्या मनाने आकसत असल्याने माकडांच्या हृदयाची लय बिघडली. काही आठवड्यांनी ती बरीच सावरली. मात्र आधीच दुबळं हृदय असलेल्या माणसाला ते काही आठवडे झेपतीलच असं नाही. पुढची कितीतरी वर्षं या एका अडचणीवर गेली.

गॉटिंगेनमध्ये नेमकं काय केलं?

वोल्फ्राम-हुबेर्टुस त्सिमरमान यांच्या गटाने पेशी टोचल्या नाहीत. कोलॅजन या प्रथिनाच्या जेलमध्ये स्नायुपेशी आणि फायब्रोब्लास्ट वाढवून त्यांची ठिगळं केली आणि ती हृदयाच्या बाहेरच्या अंगाला बसवली. आधी ऱ्हीसस माकडांवर, सहा महिन्यांपर्यंत लक्ष ठेवून. भिंत जाड झाली, लय बिघडली नाही, गाठ झाली नाही. मग माणसांवरच्या चाचणीला परवानगी मिळाली.

त्या ४६ वर्षांच्या बाईंना १० ठिगळं, म्हणजे ४० कोटी पेशी, बसवण्यात आल्या. पेशी दुसऱ्याच दात्याच्या होत्या, म्हणून शरीराने त्या झिडकारू नयेत यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली. तीन महिन्यांनी त्यांना प्रत्यारोपणासाठी हृदय मिळालं. जुनं हृदय काढल्यामुळे एरवी कधी मिळत नाही ती संधी संशोधकांना मिळाली: ठिगळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणं. दात्याच्या स्नायुपेशी जिवंत होत्या आणि त्यांच्यामध्ये बाईंच्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. लाईन आली होती.

एवढ्याने उपचार सिद्ध होत नाही. एका माणसाच्या तीन महिन्यांवरून ईएफ वाढतो का, आयुष्य वाढतं का, हे सांगता येत नाही आणि त्या लेखातही तसा दावा नाही. हे ठिगळ प्रत्यारोपणाची वाट बघणाऱ्यांना तोवर तग धरायला मदत व्हावी, या हेतूने आणलं आहे.

ओसाकाच्या योशिकी सावा यांचा मार्ग निराळा. त्यांच्या गटाने जानेवारी २०२० मध्ये आयपीएस हृदयपेशींचे पातळ पापुद्रे पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयावर ठेवले. चाचणी आठ जणांवर झाली. हे पापुद्रे कायमचे राहून आकसावेत अशी मुख्य अपेक्षा नाही. त्यांनी सोडलेल्या रसायनांनी आसपास नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात आणि दमलेला स्नायू सावरावा, अशी आहे. प्रदर्शनातलं ते इवलं हृदय याच मंडळींचं. ते आकर्षण म्हणून ठेवलेलं होतं, रुग्णांसाठीचं काम या पापुद्र्यांचं आहे, हे व्हिडिओबरोबर कुणी पाठवलं नाही.

स्वतःच्याच रक्तातून पेशी बनवल्या तर औषधं टळतील ना?

तत्त्वतः टळतील. व्यवहारात एका रुग्णासाठी आयपीएस पेशी बनवायच्या, त्या तपासायच्या, त्यांच्यापासून कोट्यवधी हृदयपेशी वाढवायच्या, त्या पुन्हा तपासायच्या, यात महिनेच्या महिने जातात आणि खर्च अवाढव्य होतो. ईएफ २० वर आलेल्या माणसाकडे तेवढा अवधी नसतो. म्हणून जपानने निवडक दात्यांच्या पेशींचा साठा करून ठेवला आहे. त्यांची ऊतींची जुळणी बऱ्याच लोकांना चालेल अशा बेताने दाते निवडलेत.

तपासणीवर एवढा भर का, तर मूळपेशींची वाढायची ताकद गाठही करू शकते. हृदयपेशींमध्ये चुकून आयपीएस अवस्थेतल्याच पेशी राहून गेल्या तर तिथं गाठ वाढू शकते. कोबेला २०१४ साली डोळ्याच्या पडद्यासाठी आयपीएस पेशींचं जगातलं पहिलं रोपण झालं. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले तेव्हा संशोधकांनी स्वतःच काम थांबवलं. मला हा प्रसंग या क्षेत्राबद्दल भरवसा वाटायला लावणारा वाटतो.

हृदयासाठी स्टेम सेलचं इंजेक्शन तर इथंही देतात, ते काय?

ते हे नव्हे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं बोन मॅरो प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. आणि चाचणी असेल तर त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा पॅकेजचा आकडा सांगणाऱ्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा. बहुतेकदा संभाषण तिथंच संपतं.

हे सावधपण महागात शिकलेलं आहे. मोठ्यांच्या हृदयातच मूळपेशी असतात आणि त्या हृदय दुरुस्त करतात, असा दावा पिएरो अनव्हेर्सा यांनी वर्षानुवर्षं केला. त्यावर माणसांवरच्या चाचण्यासुद्धा झाल्या. २०१८ साली हार्वर्ड आणि बोस्टनच्या ब्रिगम रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं. त्यांत खोटी किंवा फिरवलेली माहिती होती. रक्तातून किंवा चरबीतून काढलेल्या पेशी टोचून नवा स्नायू उगवतो, असं सांगणारे आजही त्याच जुन्या आशेवर दुकान चालवतात.

आपल्याला यातलं काय लवकर मिळेल?

ठिगळाआधी मिळेल ते औषधांची परीक्षा. ज्या पट्ट्या खांब वाकवतात, त्यांच्यावर औषध टाकून जोर किती घटला, लय चुकली का, हे थेट मानवी स्नायूवर बघता येतं. पोटाच्या तक्रारींसाठी सर्रास लिहून दिलं जाणारं सिसाप्राइड ठोक्यांची लय बिघडवत होतं. भारतात त्यावर बंदी आली २०११ साली. अशी औषधं माणसांपर्यंत पोचण्याआधीच पकडायची, हा उद्देश. २०२३ मध्ये आपल्याकडच्या नव्या औषधांच्या नियमांतही प्राण्यांवरच्या चाचण्यांना पर्याय म्हणून मानवी पेशींवरच्या अशा पद्धतींना जागा देण्यात आली.

कॅन्सरचं उदाहरण त्याहून जवळचं. डॉक्सोरुबिसिन हे लालभडक इंजेक्शन स्तनाच्या कॅन्सरवर गुणकारी आहे, पण काही जणींचं हृदय त्याने दुबळं होतं. कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते घेतलेल्या स्त्रियांच्या पेशींपासून हृदयपेशी बनवल्या आणि त्यांच्यावर तेच औषध टाकलं. ज्यांना त्रास झाला होता त्यांच्या पेशी ताटलीतही जास्त मेल्या. हे २०१६ चं काम. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर फाइल धरून बसलेल्या माणसांना याचा उपयोग काय, हे वेगळं सांगायला नको.

आणि इथं आपल्या लोकांच्या पेशी लागतील. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-संशोधन संस्थेतल्या संशोधकांसह एका गटाने २००९ साली दाखवलं की हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा भारतीय उपखंडातल्या दर शंभरांतल्या साधारण चौघांमध्ये गाळलेला असतो आणि त्यांना पुढं हार्ट फेल्युअरचा धोका बराच जास्त असतो. बाकीच्या जगात हा बदल जवळजवळ नाही. जर्मन किंवा जपानी दात्याच्या पेशींवर बेतलेली परीक्षा हा बदल पकडू शकणार नाही.

खर्च परवडेल का?

आज ठिगळाची बाजारातली किंमत सांगणारा माणूस थाप मारतोय. पण पेशींचे उपचार इथं स्वस्तात होऊच शकत नाहीत, असंही नाही. पवईच्या आयआयटीने आणि टाटा रुग्णालयाने मिळून रक्ताच्या कॅन्सरवरची कार-टी पेशींची (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायची) भारतीय पद्धत बनवली, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ती परदेशी किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात मिळते. गरिबाला तीही जड आहे, पण दहा पट फरक पडला तो इथं बनवल्यामुळे.

ठिगळात मात्र एक खर्च दडलेला आहे. बसवायला बरगड्यांमधला छोटा छेद पुरतो. त्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी रोज घ्यावी लागते, आणि रक्तातलं तिचं प्रमाण वरचेवर तपासावं लागतं, कारण थोडी जास्त झाली तर मूत्रपिंडाला मार बसतो, कमी झाली तर ठिगळ जातं. लय बघायला होल्टर, भिंत बघायला इको, साधा ताप आला तरी डॉक्टरकडे धाव. कणकवलीहून रात्रीच्या गाडीने दादरला उतरून ओपीडीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला हे वर्षानुवर्षं निभवायचं आहे. प्रत्यारोपण झालेले रुग्ण आज ते निभवतात. ठिगळाने ईएफ पाच-सात टक्क्यांनी वाढणार असेल, तर एवढ्यासाठी हे सगळं घ्यायचं का, हा हिशेब रुग्णाला आणि डॉक्टरला बसून करावा लागेल. त्यासाठी लागणारा आकडा, म्हणजे भिंत जाड झाल्यावर ती किती जोराने आकसते, गॉटिंगेनच्या चाचणीतून अजून यायचा आहे.